मैदान सोडून गेलेली वर्षे

(वढू बुद्रुक येथे महाविद्यालयीन खेळाडूंसमोर केलेल्या भाषणाचा पाठ)



येथे येण्यापूर्वी मी समाधीचे दर्शन घेऊन आलो. वढूला येणारा माणूस आधी तिकडेच जातो आणि तेथून परतताना त्याचा आवाज थोडा खाली आलेला असतो. छत्रपती संभाजी महाराजांचा जन्म १६५७ चा आणि बलिदान ११ मार्च १६८९ चे. वयाची बत्तीस वर्षेही पुरी झालेली नव्हती. १६८१ मध्ये राज्याभिषेक झाला आणि नंतरची आठ वर्षे मोहिमांमागून मोहिमांत गेली. या राजाच्या नावावर 'बुधभूषण' हा संस्कृत ग्रंथ आहे. ज्या हातांनी श्लोक रचले त्या हातांना पुढे लेखणी धरायला किती सवड मिळाली असेल, हा विचार प्रत्येक वेळी तेथे उभा राहिलो की माझ्या मनात येतो. आपण बलिदानाविषयी बोलतो ते शेवटच्या दिवसांविषयी. त्याआधी जे बाजूला ठेवले गेले त्याचा हिशोब कोणी मांडत नाही.

आज मला नेमक्या त्याच हिशोबाविषयी बोलायचे आहे. विषय दिला आहे 'युद्धकाळातील सैनिकी सेवा आणि महाविद्यालयीन खेळाडू'. विषय पुस्तकी वाटेल, पण मघाशी चहाच्या वेळी तुमच्यातल्याच एकाने मला विचारले, "सर, भरतीला गेलो तर खेळ सुटेल का?" शिरूर तालुक्यात पहाटे कोणत्याही रस्त्याने जा, भरतीसाठी धावणारी मुले दिसतात. त्यांतलीच काही दुपारी महाविद्यालयाच्या संघातून कबड्डी, खो-खो, बास्केटबॉल खेळतात. तेव्हा हा प्रश्न एकट्या मुलाचा नाही. 'देशासाठी सर्व काही' असे म्हणून मी टाळ्या घेऊन खाली बसू शकतो. पण त्या मुलाला टाळ्या नकोत, उत्तर हवे आहे.

माझी स्वतःची पात्रता किती, तेही सांगून टाकतो. मी कला शाखेचा विद्यार्थी. पुण्यात महाविद्यालयात असताना बास्केटबॉलच्या संघात होतो, म्हणजे बहुतेक वेळ बाकावर होतो. आमचा कर्णधार मात्र खरा खेळाडू. पदवीनंतर तो लष्करात अधिकारी झाला. पहिल्या सुट्टीत आला तेव्हा संध्याकाळी आम्ही जुन्या मैदानावर जमलो. चेंडू हाती आल्यावर त्याची नजर, त्याचा पास, सारे जागच्या जागी होते. फक्त पहिले पाऊल हरवले होते. बचावपटूला चकवताना जे अर्धे पाऊल विजेसारखे पडायचे, ते पडेना. पाठीवर ओझे घेऊन मैलोन्‌मैल चालण्याची सवय झालेल्या पायांना दम अफाट असतो, पण त्यांची चपळाई निराळी होते. तो हसून म्हणाला, "पाय आता दुसऱ्याच तालावर चालतात रे." त्याच्या स्वरात तक्रार नव्हती, पण मी ते वाक्य विसरलो नाही.

आता जरा दूर जाऊ. युद्धाने महाविद्यालयीन बास्केटबॉलचे काय होते हे सर्वांत उघडपणे दिसले ते दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकेत. तेथे सक्तीची लष्करभरती होती आणि बास्केटबॉल हा महाविद्यालयांचा जीव की प्राण. १९४३ मध्ये इलिनॉय विद्यापीठाचा संघ देशातील सर्वोत्तम संघांपैकी एक मानला जात होता. पण ऐन हंगामाच्या शेवटी त्याचे मुख्य खेळाडू लष्करात दाखल झाले आणि राष्ट्रीय स्पर्धेत संघ उतरलाच नाही. त्या वर्षी विजेतेपद मिळवले वायोमिंगने. त्यांचा केनी सेलर्स हा उडी मारून हवेतूनच चेंडू फेकण्याच्या तंत्राचा एक आद्य प्रवर्तक. आज तुम्ही सारे जो जम्प शॉट मारता, तो रूढ करणाऱ्यांत याचे नाव घेतले जाते. विजेतेपदानंतर सेलर्स मरीन दलात गेला आणि पुढच्या हंगामात वायोमिंगने संघच उभा केला नाही. विजेत्यांचे मैदान वर्षभर रिकामे राहिले.

याची दुसरी बाजू गमतीची आहे. लष्कराने उंचीची कमाल मर्यादा ठेवली होती. सात फुटी बॉब कर्लंड आणि जॉर्ज मायकन हे दोघे त्या मर्यादेपलीकडचे, म्हणून त्यांना लष्कराने घेतले नाही. इतर खेळाडू समुद्रापार गेले आणि हे दोन ताडमाड तरुण महाविद्यालयांत उरले. टोपलीकडे खाली येणारा चेंडू ते वरच्या वर हाताने उडवून लावत, तेव्हा १९४४ मध्ये तसे करण्यास बंदी घालणारा नियमच करावा लागला. तो नियम आजही आहे. तुमच्या सामन्यात पंच त्यासाठी शिट्टी वाजवतो तेव्हा त्यामागे एका महायुद्धाची भरती आहे, हे लक्षात ठेवा.

पण मला सांगायची आहे ती वॅट मिसाका याची गोष्ट. युटा राज्यातला, जपानी आईबापांचा मुलगा, उंची जेमतेम पाच फूट सात इंच. त्याच काळात अमेरिकेने जपानी वंशाच्या एक लाखाहून अधिक लोकांना, त्यांत बहुसंख्य अमेरिकेचेच नागरिक, छावण्यांत डांबले होते. युटाचा संघ कोवळ्या मुलांचा, कारण मोठी मुले युद्धावर गेलेली. १९४४ च्या अंतिम सामन्यात समोर डार्टमथ, ज्यांच्या संघात नौदलाच्या प्रशिक्षणासाठी तेथे धाडलेले इतर महाविद्यालयांचे खेळाडू होते. युटाने जादा वेळेत ४२-४० असा सामना जिंकला. त्यानंतर मिसाकाला लष्करात बोलावणे आले. ज्या देशाने त्याच्या रक्ताच्या लोकांना काटेरी तारांआड ठेवले, त्याच देशाचा गणवेश घालून तो जपानला गेला आणि अणुबॉम्बच्या परिणामांची पाहणी करणाऱ्या पथकातून हिरोशिमात वाचलेल्यांच्या मुलाखती घेत हिंडला. वय बावीसच्या आसपास. परत येऊन तो पुन्हा महाविद्यालयात दाखल झाला, पुन्हा संघात आला आणि १९४७ मध्ये न्यूयॉर्कच्या निमंत्रितांच्या स्पर्धेत बलाढ्य केंटकीला ४९-४५ असे हरवणाऱ्या संघात होता. केंटकीच्या राल्फ बिअर्डला त्या रात्री एकच गुण करता आला. त्याच्यावर पहारा होता मिसाकाचा.

मित्रहो, मिसाकाची दोन वर्षे गेली. पण परतल्यावर त्याच्यासाठी दार उघडे होते. विद्यापीठाने 'तुझे वय झाले' असे त्याला सांगितले नाही. युद्धावरून परतलेल्या लक्षावधी तरुणांच्या शिक्षणाचा खर्च सरकारने उचलावा असा कायदा अमेरिकेने १९४४ मध्येच, युद्ध चालू असताना, केला होता. हा मुद्दा मनात ठेवा, मी पुन्हा त्यावर येणार आहे.

आपल्याकडे काय झाले? आपल्याकडे सक्तीची भरती कधीच नव्हती. दुसऱ्या महायुद्धात हिंदी सैन्य पंचवीस लाखांच्या घरात गेले ते स्वेच्छेने भरती झालेल्यांचे. डॉ. मुंजे यांनी १९३७ मध्ये नाशिकला भोसला सैनिकी शाळा सुरू केली होती आणि सावरकर गावोगाव तरुणांना सैन्यात शिरण्याचे आवाहन करीत होते, हे येथे बसलेल्यांना सांगायला नको. मात्र सक्ती नसल्यामुळे आपली मैदाने अमेरिकेसारखी ओस पडली नाहीत. उलट रणजी करंडकात या युद्धकाळातच महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ असे लागोपाठ दोनदा विजेतेपद मिळवले. कर्णधार होते स. प. महाविद्यालयाचे संस्कृतचे प्राध्यापक दि. ब. देवधर. १९४४ मध्ये, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, त्यांनी एकाच सामन्याच्या दोन्ही डावांत शतके काढली! त्याच हंगामाच्या अंतिम सामन्यात होळकर संघाकडून नाबाद २४९ धावा काढणारा डेनिस कॉम्प्टन हा ब्रिटिश सैन्यातून हिंदुस्थानात आलेला सैनिक. युद्धाने इंग्लंडचे मैदान बंद केले आणि त्यांचा फलंदाज मुंबईच्या ब्रेबॉर्नवर आणून उभा केला.

म्हणजे आपले खेळाडू सुटले असे समजायचे का? तसे नाही. येथे मला पुण्यात जन्मलेल्या एका माणसाचे नाव घ्यायचे आहे, जे तुमच्या पिढीतल्या फार थोड्यांनी ऐकले असेल: लेफ्टनंट कर्नल हेमू अधिकारी.

जन्म ३१ जुलै १९१९. प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये पदार्पण १९३६-३७ च्या हंगामात, म्हणजे तुमच्याच वयात, सतराव्या वर्षी. आणि पहिला कसोटी सामना? नोव्हेंबर १९४७, ब्रिस्बेन, वय अठ्ठावीस. १९३६ चा इंग्लंड दौरा आणि १९४६ चा इंग्लंड दौरा यांच्यामध्ये भारत एकही अधिकृत कसोटी खेळला नाही. फलंदाजाची घडण्याची जी दहा वर्षे, ती बहुतांशी महायुद्धाने खाल्ली. पुढे कसोटीत स्थान मिळाले तरी अधिकारी लष्करी सेवेत होते आणि सेवेची बंधने क्रिकेटच्या वेळापत्रकाला विचारून येत नाहीत. एवढ्या गुणवत्तेच्या माणसाच्या नावावर अखेर कसोटी सामने फक्त एकवीस.

त्या एकवीसांत काय काय आहे ते पाहा. १९४८ मध्ये दिल्लीत वेस्ट इंडिजविरुद्ध नाबाद ११४. १९५२ मध्ये दिल्लीतच पाकिस्तानविरुद्ध नाबाद ८१, आणि त्यात अकराव्या क्रमांकाच्या गुलाम अहमदला साथीला घेऊन शेवटच्या जोडीची १०९ धावांची भागी. ठाणे एकटे उरले तरी लढवायचे, ही गोष्ट फौजेत शिकवावी लागत नाही. पण ती खेळपट्टीवर दाखवणारा फलंदाज विरळा. मग १९५८-५९ चा तो दुर्दैवी हंगाम. वेस्ट इंडिजचे हॉल आणि गिलख्रिस्ट आग ओकत होते, मालिका हातची गेली होती आणि निवड समितीने पाच सामन्यांत चार कर्णधार करून दाखवले. (निवड समित्यांच्या कारभारावर मी तीस वर्षे लिहीत आलो आहे.) चौथे कर्णधार अधिकारी. वय एकोणचाळीस. पहिल्या डावात ६३, दुसऱ्यात ४० आणि गोलंदाजीत तीन बळी. सामना अनिर्णित राहिला आणि अधिकारी कसोटीतून बाहेर पडले. कर्णधार म्हणून एकच सामना.

आता दुसरा हिशोब. त्यांच्याच नेतृत्वाखाली सेनादलाचा संघ १९५६-५७ आणि १९५७-५८ अशी लागोपाठ दोन वर्षे रणजीच्या अंतिम फेरीत गेला. बराकीत राहणाऱ्या, कधी कुठे बदली होईल याचा भरवसा नसणाऱ्या जवान-अधिकाऱ्यांचा हा संघ. आणि १९७१ मध्ये अजित वाडेकरांच्या संघाने ओव्हलवर इंग्लंडला हरवले, तेव्हा संघाचे व्यवस्थापक होते हेमू अधिकारी. त्या संघाचे क्षेत्ररक्षण आठवा, एकनाथ सोलकर आठवा. झेल हा सरावाने पकडायचा असतो, नशिबाने नव्हे, ही शिस्त अधिकाऱ्यांनी आपल्या क्रिकेटमध्ये रुजवली. लष्कराने त्यांच्याकडून कसोटी सामने घेतले आणि भारतीय क्रिकेटला एक कडक शिक्षक परत दिला. हा व्यवहार तोट्याचा की फायद्याचा, हे मला आजही ठामपणे सांगता येत नाही. अधिकारींना ते सांगता आले असते, पण २००३ मध्ये ते गेले.

१९६२ नंतर चित्र बदलले. चीनकडून झालेल्या पराभवाने देश हादरला. पदवीधर तरुणांना तातडीच्या नियुक्त्या देऊन अधिकारी केले गेले. १९६३ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना एनसीसी सक्तीची झाली. ती १९६८ पर्यंत राहिली. मैदान एकच आणि संध्याकाळही एकच, मग कवायत चालू असताना चेंडू कुठे टप्पा घेणार? सक्ती करून सैनिक होत नाहीत आणि खेळाडूही होत नाहीत, हे तेव्हाच्या सरकारला पाच वर्षांत कळले. एनसीसी ऐच्छिक झाली तेव्हापासूनच तिचे खरे तेज दिसले, असे मला वाटते. याबाबतीत व्यासपीठावरील काही ज्येष्ठांचे मत माझ्याहून वेगळे आहे, याची मला कल्पना आहे.

आणि ज्यांच्याकडून युद्धाने वर्षांबरोबर शरीरही घेतले? सांगली जिल्ह्यात इस्लामपूरजवळच्या पेठ गावचे मुरलीकांत पेटकर. महाविद्यालयाचे तोंड न पाहिलेला हा मुलगा लष्कराच्या ईएमई दलात मुष्टियोद्धा म्हणून घडला. १९६५ च्या युद्धात गोळ्यांनी चाळण झालेले शरीर घेऊन तो वाचला, पण कमरेखाली पाय गेले. मुष्टियुद्ध संपले. उपचारासाठी पाण्यात उतरला आणि पोहणारा झाला. १९६८ मध्ये तेल अविवच्या पॅरालिंपिकमध्ये टेबल टेनिस खेळला आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गला पन्नास मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून सुवर्णपदक घेऊन आला. ऑलिंपिक असो वा पॅरालिंपिक, भारताचे ते पहिले वैयक्तिक सुवर्ण. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये. सेहेचाळीस वर्षे! २०२४ मध्ये त्यांच्यावर हिंदी चित्रपट निघाला तेव्हा कुठे महाराष्ट्राच्या घराघरांत नाव पोहोचले. शत्रूच्या गोळ्यांचा राग येतो, पण या सेहेचाळीस वर्षांचा राग कोणावर काढायचा? मी पत्रकार आहे, त्या काळातली बरीच वर्षे मीही बातम्या लिहीत होतो. मीही त्यांच्यावर लिहिले नाही.

येथून तासाभराच्या वाटेवर, खडकीला, अधरांगवायू झालेल्या सैनिकांचे पुनर्वसन केंद्र १९७४ पासून आहे. तेथील जवान चाकांच्या खुर्चीवरून खेळतात. चाकांच्या खुर्चीवरचे बास्केटबॉल हा खेळच मुळी दुसऱ्या महायुद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांच्या रुग्णालयांत जन्मला. तुमच्यापैकी जे बास्केटबॉल खेळतात, त्यांनी एकदा खुर्चीत बसून दहा फुटांवरच्या टोपलीत चेंडू टाकून पाहावा. पायांचा झोत नसताना तो खांद्यातून किती वर काढावा लागतो, ते कळेल.

आता फौज खेळाडू मोडतेच असेही नाही, घडवतेही. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्याचा अविनाश साबळे बारावीनंतर महार रेजिमेंटमध्ये भरती झाला. त्याची सेवा सियाचीनच्या बर्फात झाली, राजस्थानच्या वाळूत झाली. धावपटू म्हणून तो घडला तो लष्करात, २०१५ नंतर. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने तीन हजार मीटर स्टीपलचेसचे रौप्य पटकावले आणि २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. मुंढव्याची आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट २००१ पासून हेच काम करते आहे. तेव्हा मघाच्या मुलाला मी एवढे नक्की सांगेन की लांब पल्ल्याचा दम लागणारा तुझा खेळ असेल, तर फौज तुला कदाचित तुझ्या महाविद्यालयापेक्षा अधिक देईल. बास्केटबॉलसारखा संघाचा, क्षणार्धाच्या चपळाईचा खेळ असेल, तर मात्र तुकडीच्या किंवा सेनादलाच्या संघात निवड होणे यावर सारे अवलंबून राहील. निवड झाली नाही तर खेळ सुटेल. हे गोड करून सांगण्यात अर्थ नाही.

२०२२ पासून अग्निपथ योजना आली आहे. योजना जाहीर झाली तेव्हा भरतीचे वय होते साडेसतरा ते एकवीस, चार वर्षांची सेवा, आणि त्यानंतर चौघांतला एक कायम, तिघे परत. योजनेच्या बाजूने आणि विरुद्ध पुष्कळ बोलले जाते, त्यात मी आज शिरत नाही. खेळाच्या बाजूने पाहा. अठराव्या वर्षी गेलेला मुलगा बाविसाव्या वर्षी गावी येईल. २०२२ च्या अखेरीस दाखल झालेल्या पहिल्या तुकडीची चार वर्षे २०२६ च्या अखेरीस पुरी होतात. ही मुले शरीराने कणखर, शिस्तीने घडलेली, हातात थोडा पैसा असलेली अशी परततील. त्यांतली काही पदवीसाठी महाविद्यालयात नाव घालतील. आणि मग? आंतरविद्यापीठ स्पर्धांना वयाची कमाल मर्यादा आहे. बाविसाव्या वर्षी पहिल्या वर्गात आलेला हा विद्यार्थी संघात स्थिरावतो न स्थिरावतो तोच ती मर्यादा त्याच्या दारात उभी राहणार. म्हणजे सीमेवर घालवलेली चार वर्षे आपण त्याच्या वयात मोजणार आणि त्याच्या खेळातून वजा करणार.

१९४६ मध्ये मिसाका परतला तेव्हा त्याच्या विद्यापीठाने तसे केले नाही. आपण का करावे?

मागणी एवढीच आहे की सैन्यात काढलेली वर्षे स्पर्धेच्या वयोमर्यादेतून वगळावीत. यासाठी सरकारी तिजोरीतून एक रुपयाही जात नाही, नियमात एक ओळ घालावी लागते. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपल्या विद्यार्थ्याला, खाशाबा जाधवांना, १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला पाठवण्यासाठी स्वतःचे घर सात हजार रुपयांना गहाण टाकले होते. कोणत्याही प्राचार्यांनी घर गहाण टाकावे असे मी म्हणत नाही. त्यांनी एका पत्रावर सही करावी, विद्यापीठाच्या क्रीडा मंडळाकडे ते धाडावे, आणि मंडळाने ते पुढे पाठवावे.

त्या पत्राचा मसुदा मी घेऊन आलो आहे. भाषा पत्रकाराची आहे, त्यामुळे थोडी लांबली आहे. तुम्ही ती छाटा. सभा संपली की दाराशी टेबलावर प्रती ठेवतो. ज्या मुलाने चहाच्या वेळी मला प्रश्न विचारला, त्याने पहिली प्रत घ्यावी आणि सोमवारी आपल्या महाविद्यालयात द्यावी. त्याचा भरतीचा दिवस पुढच्या महिन्यात आहे म्हणाला, तेव्हा त्याआधी.